कबड्डीतील बचावपटूचे क्षेत्ररक्षण : कोपरारक्षक व कव्हर यांच्या तंत्राचा विचार

प्रस्तावना :

कबड्डीच्या सामन्याचे वृत्त वाचले तर त्यात चढाईपटूचे नाव प्रथम येते. अमुक खेळाडूने एकाच चढाईत तीन गडी टिपले, तमुक खेळाडूने अखेरच्या मिनिटाला बोनस मिळवून सामना फिरवला, अशी त्याची नोंद होते. बचावपटूच्या वाट्याला येतात ते 'सुरेख पकड' हे दोन शब्द. मैदानाभोवती जमलेल्या प्रेक्षकांची नजरही पकडीच्या क्षणीच बचावपटूकडे वळते. वास्तविक पकड ही बचावाची अखेरची क्रिया होय. तिच्या आधीच्या पंधरा-वीस सेकंदांत सात खेळाडू कोठे उभे होते, चढाईपटूपासून किती अंतर राखून होते, कोण मागे सरला आणि कोण पुढे आला, यावर ती पकड साधणार की फसणार हे बहुतांशी ठरून गेलेले असते. प्रस्तुत लेखात पकडीपूर्वीच्या या सेकंदांचा, म्हणजेच क्षेत्ररक्षणाच्या तंत्राचा विचार केला आहे.

नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या सटाण्यासारख्या गावी हा विषय केवळ खेळापुरता राहत नाही. नामपूर, ताहाराबाद, जायखेडा, मुल्हेर अशा गावांकडून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला कबड्डी नव्याने शिकवावी लागत नाही. साहित्य नको, खर्च नको, चुन्याच्या चार रेषा आखल्या की मैदान तयार, अशा या खेळात तो शालेय वयातच तयार झालेला असतो. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि या खेळातून उपजीविका होऊ शकते, अशी आशा ग्रामीण तरुणाच्या मनात निर्माण झाली. शासकीय व निमशासकीय सेवेतील खेळाडूंसाठीच्या जागांचे आकर्षण त्याआधीपासून होतेच. अशा वेळी विद्यार्थ्याजवळ ताकद आहे, धाडस आहे, परंतु उभे कोठे राहावे याचे शिक्षण नाही, ही उणीव त्याला जिल्ह्याबाहेरच्या पहिल्याच स्पर्धेत जाणवते. कधी ती गुडघ्याच्या दुखापतीच्या रूपाने जाणवते. संघव्यवस्थापक म्हणून शारीरिक शिक्षणाखेरीज अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही संघाबरोबर जावे लागते. त्यांनाही मैदानावर नेमके काय घडते आहे ते कळावे, हा या विवेचनामागील एक हेतू आहे.

पार्श्वभूमी :

हुतूतू या नावाने महाराष्ट्रात रूढ असलेल्या या खेळाला विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नियमबद्ध रूप मिळाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. १९९० च्या बीजिंग आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याला पदकाचा दर्जा मिळाला. या वाटचालीत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे योगदान सर्वज्ञात असून १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. नियम बदलत गेले तसे चढाईचे रूप पालटले. चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली, बोनस गुण आला, दोन निष्फळ चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे सक्तीचे झाले. यांतील प्रत्येक बदलाने बचावपटूपुढे नवा प्रश्न उभा केला. तथापि आपल्याकडील चर्चा मात्र चढाईच्या अंगानेच होत राहिली.

मैदानाचे गणित :

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात व प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे क्षेत्र येते. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव क्षेत्रे वगळली तर प्रत्यक्ष खेळाची रुंदी ८ मीटर उरते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा व तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा असते. कोणत्याही गड्याला स्पर्श न करता परतणाऱ्या चढाईपटूने निदान रेषा ओलांडली नाही तर तो बाद होतो. एवढ्या आकड्यांवरूनच बचावाचे बरेचसे शास्त्र उलगडता येते.

पहिली गोष्ट म्हणजे बोनस रेषेमागे अंतिम रेषेपर्यंत केवळ १.७५ मीटर जागा उरते. बचावपटूला मागे सरण्यासाठी असलेली ही सारी मोकळीक होय. तिच्यापलीकडे पाऊल पडले तर तो स्वतःच बाद होतो. साधारण उंचीचा चढाईपटू बोनस रेषेजवळून झेपावला तर त्याचा हात किंवा पाय या पट्ट्यातील बराच भाग व्यापतो. म्हणून केवळ मागे सरत राहणे हा बचाव नव्हे. दुसरी गोष्ट परतीच्या अंतराची. बोनस रेषेवर असलेल्या चढाईपटूला मध्यरेषा गाठण्यासाठी ४.७५ मीटर अंतर तोडावे लागते. परंतु पडता पडता हात लांबवून मध्यरेषेला स्पर्श केला तरी तो सुटतो. हे ध्यानात घेतले तर प्रत्यक्ष अंतर तीन मीटरच्या आसपास येते. बचावसंघाला जे काही करायचे ते या तीन मीटरांत.

तिसरी गोष्ट वेळेची आहे. डोळ्यांना दिसलेल्या हालचालीला शरीराने प्रतिसाद देण्यास माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. सेकंदाला पाच मीटर या वेगाने निघालेला चढाईपटू तेवढ्यात एक मीटर पुढे गेलेला असतो. त्यातच हूल आहे की खरा हल्ला, हे ठरवायचे असेल तर वेळ आणखी वाढतो. म्हणजे केवळ पाहून प्रतिक्रिया देणारा बचावपटू नेहमीच एक पाऊल मागे राहणार. ही तूट चपळाईने पूर्णपणे भरून निघत नाही. ती भरून निघते योग्य जागी आधीच उभे राहण्याने.

सात जागा :

सात बचावपटूंच्या रचनेत दोन टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक असतात. त्यांच्या शेजारी आतल्या बाजूचा एकेक खेळाडू, त्यानंतर ज्यांना खेळाडू सर्रास 'कव्हर' म्हणतात ते दोघे, आणि मधोमध एक मध्यरक्षक. वर्तमानपत्रांतून कव्हरलाही मध्यरक्षक म्हटले जाते, त्यामुळे वाचकाचा गोंधळ होतो. म्हणून प्रस्तुत विवेचनात खेळाडूंचाच शब्द स्वीकारला आहे. पारंपरिक दोन-तीन-दोन रचनेत कोपऱ्यांच्या दोन जोड्या व मधल्या तिघांची साखळी हात धरून उभी राहते. हात धरण्यामागे केवळ बळ वाढवण्याचा हेतू नसतो. शेजाऱ्याच्या हाताला बसलेला ओढा हा संदेश असतो. डोळ्यांनी पाहून कळण्यापेक्षा स्पर्शाने कळणे अधिक जलद, आणि गोंगाटात हाक ऐकू येत नाही तेथेही ते कळते.

ही रचना स्थिर भिंत नसून अर्धचंद्राकृती आहे आणि ती सतत कलत असते. चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे वळला की डावी बाजू मागे सरते व त्याच वेळी उजवी बाजू पुढे आत सरकते. बिजागरीवर दार लोटावे तशी ही हालचाल होते. मागे सरणारी बाजू चढाईपटूला आत ओढते आणि पुढे येणारी बाजू त्याच्या परतीची वाट अरुंद करते. नवख्या संघात बहुधा पहिली अर्धी हालचालच दिसते. ज्याच्यावर हल्ला आहे तो मागे सरतो, उरलेले पाच-सहा जण प्रेक्षकाप्रमाणे उभे राहतात. मग कोपरारक्षकाने कितीही उत्तम पकड केली तरी ती एकाकी ठरते.

कोपरारक्षक :

कोपरारक्षकाचे मुख्य शस्त्र म्हणजे घोट्याची पकड. चढाईपटू पायाने गडी टिपण्यास पुढे येतो किंवा बोनससाठी पाऊल टाकतो, त्या क्षणी त्याचा सारा भार एका पायावर असतो. बोनस गुणासाठी एक पाय रेषेपलीकडे टेकलेला व मागचा पाय अधांतरी असावा लागतो, शिवाय मैदानात किमान सहा बचावपटू असावे लागतात. म्हणजे बोनस घेणारा चढाईपटू नियमानेच एका पायावर उभा राहतो. चांगला कोपरारक्षक याच क्षणाची वाट पाहत असतो.

या पकडीसाठी गुडघ्यांत वाकून, भार चवड्यांवर ठेवून, पाठ शक्य तितकी सरळ राखून उभे राहावे लागते. दोन्ही हातांनी घोटा धरून तो वर व स्वतःकडे खेचायचा असतो. खाली दाबला तर चढाईपटूला त्याच पायावर उभे राहण्यास आधारच मिळतो. सर्वांत महत्त्वाची बाब डोक्याच्या स्थितीची. डोके चढाईपटूच्या पायाच्या बाहेरच्या बाजूस असले पाहिजे. ते दोन पायांच्या मध्ये किंवा गुडघ्याच्या समोर आले तर गुडघ्याचा आघात थेट चेहऱ्यावर वा मानेवर होतो. ही गोष्ट मैदानावर सांगितली जाते ती बहुधा दुखापत झाल्यानंतर. घोट्याखेरीज मांडीची पकड आणि पाठीमागून कंबरेला घातलेली मिठी यांचाही उपयोग कोपरारक्षक करतो. मात्र मिठीसाठी चढाईपटूची पाठ वळलेली असणे आवश्यक असते.

कोपरारक्षकाचा सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे घाई. चढाईपटू अजून दोन पायांवर तोल सावरून आहे, परतीच्या दिशेने वळलेलाही नाही, आणि कोपरारक्षक त्याच्यावर झेप घेतो. चढाईपटूला हवे असते तेच. तो पाय मागे घेतो, पुढे पडलेल्या कोपरारक्षकाला सहज स्पर्श करतो आणि निघून जातो. बलवान विद्यार्थी हा दोष अधिक करतो, कारण बळाने आजवर त्याला गावच्या मैदानावर यश दिलेले असते. 'थांब' हे त्याला शिकवणे सर्वांत कठीण.

कव्हर :

कव्हरचे काम दुहेरी असते. चढाईपटू कोपऱ्यात गुंतला की त्याच्या परतीच्या वाटेवर आडवे येणे हे त्याचे पहिले काम. आणि तो राखीव क्षेत्राच्या बाजूला असेल तर खांद्याच्या धडकेने त्याला मैदानाबाहेर ढकलणे हे दुसरे. आडवे येताना कव्हर चढाईपटूच्या जागेकडे धावला तर तो उशिराच पोहोचतो. त्याने चढाईपटू जेथे असेल तेथे न जाता जेथून जाणार आहे तेथे जायचे असते. परतीची ओळ आणि आपली ओळ जेथे छेदतात तो बिंदू त्याला हेरावा लागतो. ही दृष्टी उपजत असते असे मानले जाते. तथापि सरावाने ती बऱ्याच प्रमाणात घडवता येते.

धडकेच्या बाबतीत राखीव क्षेत्राचा नियम नीट ध्यानी ठेवावा लागतो. स्पर्श होऊन झटापट सुरू होईपर्यंत राखीव क्षेत्र मैदानाबाहेरचे मानले जाते. झटापट सुरू होताच ते मैदानाचा भाग बनते. म्हणजे कव्हरने धडक दिली त्याच क्षणी बाजूची सीमा एक मीटर दूर सरकते. त्यामुळे एका धक्क्यात चढाईपटू बाहेर जाईल एवढा वेग व योग्य कोन नसेल तर धडक अपुरी पडते आणि धडक देणारा स्वतः बाद होतो.

राखीव क्षेत्राचा प्रश्न किती नाजूक आहे, ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात साऱ्या जगाने पाहिले. भारत व इराण यांचे गुण २८-२८ असे समान असताना भारताचा पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला व इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग गेले. आता बाद कोण आणि किती, यावर जुना नियम लावायचा की नवा, असा वाद उद्भवला व सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. वादाचा निर्णय बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित की, स्पर्श झालेला नसताना बचावपटूंनी चढाईपटूच्या मागे राखीव क्षेत्रात पाऊल टाकले नसते तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

मदतीस जावे की न जावे :

बचावातील सर्वांत अवघड निर्णय पकड करणाऱ्याचा नसून त्याच्या शेजाऱ्याचा असतो. चढाईपटू झटापटीतून सुटून मध्यरेषेला पोहोचला तर त्याला ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला ते सर्व बाद होतात. कोपरारक्षकाने घोटा धरला आहे. आता कव्हर धावला आणि पकड टिकली तर एक गुण मिळतो. पकड सुटली तर एकाऐवजी दोन गडी जातात. आणखी एक जण गेला तर तीन. फसलेल्या पकडीत उत्साहाने उड्या घेणाऱ्या संघाचे अर्धे मैदान एका चढाईत रिकामे होते व लोण चढण्याची वेळ येते.

यावर 'कोणीच जाऊ नये' हे उत्तर नव्हे. एकट्याने केलेली पकड टिकण्याची शक्यता कमीच असते. मदत पहिल्या स्पर्शाबरोबर पोहोचली पाहिजे, अन्यथा ती जाऊच नये, एवढाच याचा अर्थ आहे. अर्ध्या सेकंदाने उशिरा आलेली मदत संघाला महाग पडते. आणि वेळेवर पोहोचायचे तर कव्हर आधीच एक-दीड मीटरच्या आत उभा असावा लागतो. म्हणजे प्रश्न पुन्हा उभे राहण्याच्या जागेपाशीच येतो.

मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असता पकड साधली तर एक जादा गुण मिळतो. या स्थितीत बहुधा दोन कोपरारक्षक व एक कव्हर शिल्लक ठेवण्याकडे संघांचा कल असतो. आठ मीटर रुंदी तिघांनी सांभाळायची असल्याने साखळी उपयोगाची नसते. तिघांनी एकमेकांकडे न पाहता एकमेकांची जागा जाणावी लागते. अनुभवी संघ या अवस्थेत शांत असतो. नवखा संघ आधीच हरल्यासारखा अंतिम रेषेला चिकटतो.

अमेरिकन फुटबॉलशी तुलना :

कोपरा व कव्हर हे शब्द आणखी एका खेळात भेटतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये हाताने पुढे फेकलेला चेंडू झेलण्यासाठी धावणाऱ्या खेळाडूला अडवण्याचे काम मागच्या फळीतील बचावपटू करतात. त्यांतील कडेला उभ्या राहणाऱ्यांना 'कॉर्नरबॅक' व अगदी मागे राहणाऱ्यांना 'सेफ्टी' म्हणतात. चेंडू पुढे फेकण्यास त्या खेळात १९०६ साली अनुमती मिळाली आणि तेव्हापासून या बचावाचे स्वतंत्र शास्त्र वाढत गेले. भारतात २०१२ साली या खेळाची व्यावसायिक लीग सुरू करण्याचा प्रयत्न झाला, तीत पुणे व मुंबई यांच्या नावाचे संघही होते; मात्र तो खेळ येथे रुजला नाही. त्याच्या बचावतंत्राचा अभ्यास मात्र कबड्डीच्या प्रशिक्षकाला उपयोगी पडू शकतो.

त्या खेळात दोन मूलभूत पद्धती आहेत. एका पद्धतीत प्रत्येक बचावपटू एका ठरावीक प्रतिस्पर्ध्याच्या मागे राहतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाला मैदानाचा एक भाग नेमून दिलेला असतो व त्या भागात जो येईल त्याला त्याने अडवायचे असते. दूरच्या क्षेत्राची राखण दोघांकडे आहे की तिघांकडे, यावरून रचनांना 'कव्हर टू', 'कव्हर थ्री' अशी नावे पडली आहेत. कबड्डीत आक्रमक एकच असल्याने पहिल्या पद्धतीला वावच नाही. येथील बचाव पूर्णतः क्षेत्राचा आहे, आणि म्हणूनच शेजारच्या दोन क्षेत्रांमधील फट हाच त्याचा दुबळा भाग असतो. कोपरारक्षक आणि त्याच्या आतला खेळाडू यांपैकी कोणी मागे सरायचे हे ठरलेले नसेल तर चढाईपटू नेमका त्या फटीत हात घालतो.

नजर कोठे असावी, याबाबत दोन्ही खेळांतील अनुभव एकच आहे. अमेरिकन प्रशिक्षक बचावपटूला प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याकडे किंवा हातांकडे न पाहता त्याच्या कंबरेकडे पाहण्यास शिकवतात. डोके, खांदे, हात हूल देऊ शकतात. कंबर ज्या दिशेला वळली त्याच दिशेला शरीराला जावे लागते. कबड्डीतील चढाईपटू हात नाचवतो, मान वळवतो, क्वचित हसतोही. कोवळा बचावपटू त्या हाताकडे पाहत राहतो आणि पायाने टिपला जातो.

दुसरे साम्य बाजूच्या रेषेच्या उपयोगाचे. अमेरिकन बचावपटू प्रतिस्पर्ध्याच्या आतल्या बाजूस उभा राहून त्याला मैदानाच्या कडेला रेटतो. मग कडेची रेषाच त्याच्या मदतीला येते. चढाईपटूला मधोमध मोकळा सोडण्याऐवजी कोपऱ्याकडे जाण्यास भाग पाडणारा कबड्डी संघ हेच करीत असतो. भेद आहे तो स्पर्शाच्या किमतीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय लीगने १९७८ साली पाच यार्डांपलीकडे झेलणाऱ्याला अडथळा आणणारा स्पर्श करण्यास बंदी घातली. तेथे चुकीच्या स्पर्शाचा दंड जागेच्या रूपाने भरता येतो. कबड्डीत स्पर्श म्हणजे पणच लावणे. एकदा हात लागला की तो मागे घेता येत नाही.

इराणचा धडा आणि नाशिकचा संबंध :

२०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत इराणने भारतीय पुरुष संघाचा उपान्त्य फेरीत २७-१८ असा पराभव केला आणि लगेच दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्ट रोजी, इराणच्या महिला संघाने अंतिम सामन्यात भारतीय महिलांना २७-२४ असे हरवले. त्या महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, ही गोष्ट जिल्ह्यातील क्रीडाक्षेत्राने अभिमानाने व काहीशा अवघडलेल्या मनानेही स्वीकारली.

पुरुषांच्या सामन्यात भारतासारख्या चढाईप्रधान संघाला अठरा गुणांवर रोखले गेले, याचा विचार अधिक व्हायला हवा होता. इराणला कुस्तीची जुनी परंपरा आहे, तिथल्या खेळाडूंची पकड मजबूत असते, असे स्पष्टीकरण तेव्हा पुष्कळ ऐकू आले. ते खरे असले तरी अपुरे आहे. कुस्तीची परंपरा महाराष्ट्रालाही आहे, नाशिक जिल्ह्यालाही आहे. इराणच्या बचावात जाणवते ती शिस्त: कोपरारक्षकाने हात टाकताच कव्हर तेथे असतो. फजल अत्राचली या इराणी डाव्या कोपरारक्षकाचा खेळ महाराष्ट्राच्या प्रेक्षकाने जवळून पाहिला आहे. तो २०१५ मध्ये यू मुम्बाकडून खेळला आणि २०२२ च्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार होता. त्याचे बलदंड शरीर सर्वांच्या लक्षात राहते. चढाईपटू समोर नाचत असताना तो किती वेळ काहीच करीत नाही, हे मात्र पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

माती आणि मॅट :

राज्य व राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा आता मॅटवर होतात, तर ग्रामीण महाविद्यालयातील सराव मुख्यतः मातीवर चालतो. हा फरक केवळ सोयीचा नाही. मातीवर पाय किंचित घसरतो. चढाईपटूला वळण्यास त्यामुळे वेळ लागतो आणि बचावपटूचे झेपावलेले शरीरही घसरत जाऊन थांबते. मॅटवर बूट घट्ट रोवले जातात. चढाईपटू जागच्या जागी वळतो. म्हणजे कोपरारक्षकाला मातीवर मिळणारी क्षणभराची सवलत मॅटवर मिळत नाही. मातीवर पुरेसे ठरलेले अंतर तेथे अपुरे पडते.

दुखापतीचे स्वरूपही बदलते. मातीवर खरचटते, निघते. मॅटवर पाय रुतून राहतो आणि वरचे शरीर फिरते, तेव्हा पीळ गुडघ्याला बसतो. कव्हरने बाजूने दिलेली धडक अशा रोवलेल्या पायावर आली तर गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचा धोका संभवतो. शेतीवर पोट असलेल्या कुटुंबातील मुलाच्या बाबतीत अशी दुखापत म्हणजे केवळ एक हंगाम वाया जाणे नव्हे. महाविद्यालयाकडे मॅट नसेल तर निदान स्पर्धेपूर्वीचे काही दिवस जवळच्या एखाद्या मॅटवर बूट घालून सराव होईल, अशी व्यवस्था करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य ठरते. आदल्या रात्री नवे बूट विकत घेऊन सकाळी मॅटवर उतरणारा संघ पाहणे क्लेशदायक असते.

सरावाविषयी :

क्षेत्ररक्षण शिकवण्यासाठी फारशा साधनांची गरज नाही. सातही बचावपटूंनी हात पाठीमागे बांधून खेळावे, पकड करूच नये, चढाईपटूने तीस सेकंदांत जितक्यांना टिपता येईल तितके टिपावे, असा सराव घेता येतो. पकड करण्याची मुभाच नसल्याने सर्वांचे लक्ष अंतराकडे व कलण्याकडे जाते. प्रारंभी विद्यार्थ्यांना हा प्रकार पोरकट वाटतो. काही दिवसांनी चढाईपटूचीच तक्रार येऊ लागते की हाताला कोणी लागत नाही. त्यानंतर फक्त कोपरारक्षकाचे हात मोकळे करावेत, पुढे कव्हरचे. तसेच प्रत्येक चढाईनंतर शिट्टी वाजवून सर्वांना जागच्या जागी थांबवावे आणि कोण किती दूर आहे ते पावलांनी मोजून दाखवावे. 'मी जवळच होतो' असे म्हणणारा कव्हर प्रत्यक्षात तीन पावले दूर असल्याचे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

कायदेशीर पकड कोणती, हेही या टप्प्यावरच सांगून ठेवावे. चढाईपटूला हात-पाय व धड यांखेरीज अन्यत्र मुद्दाम धरणे, तसेच पायांची कात्री घालणे नियमबाह्य आहे. गावच्या मैदानावर पंचांनी सोडून दिलेली कात्री विद्यापीठाच्या स्पर्धेत गुण घालवते, आणि समोरच्या मुलाचा घोटाही.

मुलींच्या संघाबाबत एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. महिलांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असते. निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर व बोनस रेषा ४ मीटरवर येते, आणि राखीव क्षेत्रे वगळता खेळाची रुंदी ६ मीटरच उरते. परतीची वाट मुलांपेक्षा पाऊण मीटरने आखूड असल्याने कव्हरला आडवे येण्यास वेळही कमी मिळतो. उलटपक्षी रुंदी कमी असल्याने दोन कव्हरमधील फट लहान असते व साखळीची पकड अधिक परिणामकारक ठरते. जेथे एकच मैदान आखलेले असते आणि मुलींचा सराव मुलांच्या रेषांवर उरकला जातो, तेथे कोपरारक्षक मुलगी वर्षभर चुकीचे अंतर पाठ करीत असते. दुसऱ्या रेषा आखण्यासाठी फक्त अर्धी पाटी चुना लागतो.